शून्य वर्षांच्या सासूबाई

जर

डबे उघडले होते, लोणच्याची बाटली टेबलाच्या मधोमध होती, आणि कात्री हातातला मोबाईल नाचवत वाचत होती.

"हे ऐका. या पॅकेजचं काम काय, तर दिलेला आकडा विषम आहे का ते सांगायचं. बास. दुसरं काही येत नाही त्याला."

"आणि सम आहे का ते?" जावयाने विचारलं.

"त्याला वेगळं पॅकेज आहे. ते आत जाऊन पहिल्याला विचारतं, बाबा रे, विषम आहे का? तो जे म्हणेल त्याच्या बरोबर उलट बाहेर येऊन सांगतं."

शंकासुराला ठसका लागला. पाठीवर थापा मारेपर्यंत तो हसत होता आणि थापा मारल्यावर जास्तच हसायला लागला.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली आणि तीन माणसं. कात्री सगळ्यांची प्रमुख. दिसेल ती ओळ कापायची तिला हौस, म्हणून कात्री; हे नाव तिला स्वतःलाही आवडायचं. शंकासुराचं काम दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं. चहा समोर ठेवला तरी हा चहाच आहे ना, अशा नजरेने तो आधी कपात बघायचा. आणि तिसरा जावई. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला सासूबाई यायच्या, त्यामुळे ऑफिसात त्याला दुसरं नाव मिळालंच नाही.

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेला प्रोग्रामचा तुकडा. आपण तो उचलायचा, आपल्या प्रोग्रामला जोडायचा, पुढे चालू लागायचं. तुकडा मोठा असला तर शहाणपणाचं काम. पण हे तिघं ज्या जावास्क्रिप्ट भाषेत प्रोग्राम लिहायचे, तिच्या दुनियेत एवढाले टीचभर तुकडे होते की त्यांना वेष्टनच जास्त.

"आणि ते विषमवालं कुणाच्या जिवावर चालतं माहितेय?" कात्री पुढे वाचत होती. "तिसऱ्याच्या. तो फक्त एवढंच सांगतो की आलेली वस्तू मुळात आकडा आहे की नाही."

"म्हणजे मी केळं दिलं तर?" शंकासुराने हातातलं केळं वर केलं.

"नाही म्हणणार. एवढंच त्याचं आयुष्य."

"पण असलं काहीतरी आपल्यात असेल हां," शंकासुर म्हणाला.

 कात्रीने डबा बाजूला सारला आणि लॅपटॉप ओढला. सापडलं. समोरच्या दवाखान्यासाठी त्यांनी केलेल्या प्रोग्राममध्ये, वयाच्या चौकटीमागे, तेच ते तिसरं पॅकेज निवांत बसलेलं होतं. तीन ओळींचा जीव. त्याच्यासोबत दोन पानी माहितीपत्रक, आणि वर एक आचारसंहिता.

"आचारसंहिता कशाला?" जावई म्हणाला. "आकड्यांशी सभ्यतेने वागा?"

"आत्ताच्या आत्ता काढते," कात्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत असं तेज आलं होतं की जेवण राहिलंय याची आठवण करून द्यायची कुणाची छाती झाली नाही. "लाज नाही वाटत आपल्याला? तीन ओळींसाठी परक्याच्या दारात उभं राहायचं? मी एका ओळीत लिहिते."

जावई घाईने म्हणाला, "आज नको. आज आमच्या सासूबाई दवाखान्यात येणारेत. गुडघा दाखवायला."

"मग तर आजच. त्यांना ताजं मिळेल."

*

इथे जावयाचं काय अडकलं होतं ते सांगायला हवं.

सासूबाई कुणाशीही त्याची ओळख करून द्यायच्या ती अशी: "हे आमचे जावई. ते कॉम्प्युटरवर असतात." आणि थांबायच्या. समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघायचा, जावईही बघायचा, पण पुढे काही येत नसे. जणू तो एखादी मांजर होता, ऊब लागते म्हणून कॉम्प्युटरवर जाऊन बसणारी. थोरल्या जावयाने पूल बांधले होते. सासूबाई पुलावरून जाताना गाडीची काच खाली करून शेजारच्याला दाखवायच्या. या जावयाचं काच खाली करून दाखवण्यासारखं काही नव्हतं.

आता होतं. ऑफिसच्या समोर, रस्ता ओलांडला की दवाखाना. तिथे नाव नोंदवण्यापासून आत बोलावण्यापर्यंत सगळं याच तिघांच्या प्रोग्रामवर चालायचं, आणि त्यातला रांगेचा भाग एकट्या जावयाने केला होता. आठवडाभर मनधरणी करून त्याने सासूबाईंना गुडघ्यासाठी तिथेच यायला लावलं होतं. "तुम्ही नुसतं बसा, आई. तुमचं नाव आपोआप पुकारतील. ते मी केलंय."

"बघू," सासूबाई म्हणाल्या होत्या.

तर

कात्रीची एक ओळ अशी होती: आलेल्या वस्तूचा आधी आकडा कर, मग त्या झालेल्या वस्तूला विचार, तू कुठल्या जातकुळीची? आकड्याच्या, म्हणाली तर सोड आत.

शंकासुराने तपासलं. "पाच दिले. होय म्हणालं. सत्तर दिले. होय. शून्य दिलं. होय."

"मग झालं तर."

"सगळ्यालाच होय म्हणतंय पण."

"तुला काय, मधूनमधून नाही हवंय का?"

शंकासुराने विचार केला. "केळं देऊन बघू?"

"केळं खा," कात्री म्हणाली आणि बटण दाबलं. नवा प्रोग्राम रस्ता ओलांडून दवाखान्यात पोचला. तिघांनी टाळ्या दिल्या. कात्रीने फळ्यावर लिहिलं, *आजपासून स्वावलंबन*, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

जावयाचा फोन वाजला. बायको होती.

"अरे, एक विचारायचं होतं. मला भाऊ झाला की बहीण?"

"काय?"

"आईच्या नोंदणीत दुसरा नंबर माझा दिलाय ना, त्यावर दवाखान्यातून मेसेज आलाय. वाचू का? 'अभिनंदन. आपल्या बाळाच्या पहिल्या लसीची वेळ झाली आहे. बाळाला उबदार कपड्यात गुंडाळून आणावे.' आणि बाळाच्या नावापुढे आईचं संपूर्ण नाव."

"तुझ्या आईचं वय काय लिहिलंय फॉर्मवर?"

"वेडा आहेस का तू? आईने आजवर कुठे वय लिहिलंय? तिने ती चौकट रिकामी सोडली असणार."

जावई हळूच वळला. शंकासुराने तोवर केळ्याचं साल बाजूला ठेवून, कुणी सांगितलं नसताना, त्या एका ओळीला एक रिकामी चौकट दिली होती.

"होय म्हणतंय," शंकासुर म्हणाला. "काहीच नाही दिलं तरी आकडा आहे म्हणतंय. म्हणतंय, शून्य आहे."

"आणि अक्षरं दिली तर?" कात्रीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

शंकासुराने 'केळं' असं टाइप केलं.

ही भाषा तशी भिडस्त. कुठल्याही गोष्टीचा आकडा करून दे म्हटलं की तिला नाही म्हणवत नाही. काहीच दिलं नाही तर शून्य काढून देते. आणि ज्याचा आकडा होणं शक्यच नाही असं काही दिलं, तर 'आकडा नाही' या नावाची एक वस्तू हातात ठेवते. आता या वस्तूला विचारा, बाई गं, तुझी जातकुळी कुठली? ती शांतपणे सांगते: आकडा.

"'आकडा नाही' ही वस्तू आकडा आहे," शंकासुर म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. आयुष्यभर ज्याची शंका होती ते आज पुराव्यासकट हाती आलं होतं. "म्हणजे आपली तपासणी नाही म्हणूच शकत नाही. केळ्यालाही नाही. कशालाच नाही."

जावई तोवर जिन्यात होता.

नाहीतर

दवाखान्यात बसायच्या खोलीत आज उत्सवी गडबड होती. भिंतीला लागून खुर्च्या, समोर स्क्रीन, कोपऱ्यात तान्ह्या मुलांना ठेवायचा वजनकाटा, आणि डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गर्दी. स्पीकरवरचा गोड आवाज एकेक नाव पुकारत होता आणि पुढे जोडत होता, "बाळाला घेऊन आत यावे." मग खुर्चीतून हातातली काठी टेकत बाळ स्वतःच उठत होतं.

काउंटरपाशी एक निवृत्त बँक कॅशियर रिसेप्शनिस्टशी हुज्जत घालत होते. त्यांनी वयाच्या चौकटीत, जन्माच्या सवयीने, अक्षरी लिहिलं होतं: एकाहत्तर फक्त.

"काका, कॉम्प्युटर म्हणतो तारीख सांगा."

"कसली तारीख?"

"होण्याची. तुम्ही अजून झालेले नाही आहात." रिसेप्शनिस्टने स्क्रीन वळवून दाखवली. "गरोदरपणात नाव नोंदवून ठेवता येतं ना आमच्याकडे, तुम्ही त्या यादीत आहात."

"मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो हो."

"मी कुठे नाही म्हणते? पण आईंचं नाव आणि कितवा महिना तेवढं सांगा."

जावयाला सगळं लख्ख दिसत होतं. कारण ते त्यानेच लिहिलं होतं. एक वर्षाच्या आत असेल तर बाळ. अठराच्या आत मूल. पुढे मोठा, त्याच्या पुढे ज्येष्ठ. आणि यातलं कशातच न बसणारा जो उरेल तो अजून जन्मायचा आहे. असं लिहिताना त्याला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं. आजपर्यंत वेडंवाकडं वय लिहिणाऱ्यांना ते तीन ओळींचं पॅकेज दारातच अडवायचं आणि रिसेप्शनिस्टकडे पाठवायचं: यांना वय विचारा. आता दारात कुणीच नव्हतं.

आणि रांगेचा पहिला नियमही त्याचाच होता. तान्ह्या बाळांनी थांबायचं नाही. त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडायचं.

"जावईबापू."

सासूबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. ताठ, खांद्यावर पदर, मांडीवर पर्स. जावई पुढे झाला. काय बोलायचं ते त्याने जिन्यातच जुळवलं होतं: आई, चूक झाली, मेसेज आला त्याबद्दल माफ करा. पण तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी त्याचा हात धरला आणि शेजारच्या बाईंकडे वळल्या.

"हे आमचे जावई," त्या म्हणाल्या. "हे सगळं यांनी केलंय."

शेजारच्या बाईंनी कौतुकाने मान हलवली.

"आले तेव्हा माझा नंबर कुठे होता, पार शेवटी. आणि पाच मिनिटांत बघते तर सगळ्यात वर. गुडघ्याच्या माणसाने किती वेळ बसायचं, याचा विचार कुणी करतं का आजकाल? यांनी केला." मग आवाज खाली आणून, "थोरले पूल बांधतात. पण पुलावर कुणाचा नंबर आधी लागतो का?"

 इतक्या वर्षांनी सासूबाईंचं वाक्य पूर्ण झालं होतं. पुढेही तीन वाक्यं आली होती. आणि त्यातला एकही शब्द त्याला ठेवून घेता येण्यासारखा नव्हता.

तेही नाही तर

खोलीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. ज्यांनी वय लिहिलं नाही ते आधी आत जातात, हे एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्याने काउंटरवर जाऊन सांगितलं, "माझं वय पुसा."

"माझंही."

"आमच्या ह्यांचं पण पुसा, आम्ही जोडीने आहोत."

कॅशियर जन्म घ्यायचा नाद सोडून त्या रांगेत उभे राहिले. "अक्षरी काढून टाका. आणि अंकीही टाकू नका," त्यांनी बजावलं.

एक धिप्पाड पैलवान आपलं वय पुसून घेऊन लाजत लाजत जागेवर बसला. त्याच्याही फोनवर लगेच उबदार कपड्यांचा मेसेज आला आणि त्याने तो आजूबाजूला वाचून दाखवला. हशा पिकला. लोक एकमेकांना "काय बाळा, कितवा महिना?" असं विचारू लागले. इतकी मजेत असलेली माणसं त्या खोलीने कधी पाहिली नसतील. गुडघे, कंबरा, मानेचे मणके, सगळी दुखणी विसरून खोली हसत होती.

दार उघडून डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "माझ्या समोर कागद येतात त्यावर फक्त 'वय शून्य, लस द्यावी' एवढंच आहे. आत्ता एका आजोबांनी बाहीच वर केली. कुणीतरी हे थांबवणार आहे का?"

कुणीच थांबवायच्या विचारात नव्हतं. फक्त शेवटच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती, केस विस्कटलेले, मांडीवर दुपट्यातलं खरंखुरं तान्हं. ते तापाने लालबुंद झालं होतं आणि रडून रडून आता नुसतं कण्हत होतं. तिचा नंबर मघाशी पहिला होता. आता तिच्यापुढे खोलीभर बाळं होती.

जावयाच्या कानाला फोन होता. पलीकडे कात्री.

"दोन मिनिटांत होईल," ती म्हणत होती. "सगळं पूर्ववत. रिकाम्या चौकटीवाले सगळे रांगेच्या शेवटी जातील, वय सांगेपर्यंत. घालू का?"

"काय घालणार?"

पलीकडे कात्री नुसती खाकरली.

"तेच का?"

"नाव घेऊ नकोस," कात्री म्हणाली. "तीन ओळी आहेत, ठीक आहे, पण विचार करून लिहिल्यात रे माणसाने. मी आत्ता पहिल्यांदा वाचल्या. घालू का सांग."

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या आता पलीकडच्या रांगेतल्या कुणालातरी बोटाने त्याच्याकडे दाखवत होत्या. त्याच वेळी स्पीकरने गोड आवाजात त्यांचं नाव पुकारलं. बाळाला घेऊन आत यावे. सासूबाई उठल्या. पदर सारखा केला. गुडघा धरून, पण राणीच्या चालीने, दाराकडे निघाल्या.

तान्ह्याने पुन्हा एकदा कण्हून घेतलं.

"घाल," जावई म्हणाला.

काहीही असो

सासूबाईंचा हात दाराच्या मुठीवर होता तेव्हा स्क्रीन एकदा मिटली आणि उघडली. त्यांचं नाव वरून नाहीसं झालं. स्पीकरने त्या मुलीला आत बोलावलं. सासूबाईंनी तिला बघितलं, दुपट्यातल्या लाल चेहऱ्याला बघितलं, मुठीवरचा हात काढून दार स्वतः उघडून धरलं, आणि "जा गं, आधी जा," म्हणाल्या. मग दार लागलं आणि त्या वळून जावयाकडे बघत राहिल्या. आता त्या नजरेत ना पूल होता ना रांग.

"चूक होती, आई," जावई म्हणाला. "ते आधी झालं ते. आमच्याकडून राहून गेलं होतं. आता दुरुस्त केलंय."

"म्हणजे माझा नंबर आधी लावला नव्हता तुम्ही."

"नाही."

"आपोआप लागला."

"चुकून."

सासूबाई परत येऊन बसल्या. खुर्ची आता शेवटची होती. शेजारच्या बाई दुसरीकडे बघू लागल्या.

काउंटरवर वय पुसलेल्यांची झुंबड उडाली होती. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एकच शेरा: यांना वय विचारा. एकट्या रिसेप्शनिस्टला ते आवरणं शक्यच नव्हतं. तिने दुसरा कीबोर्ड जावयासमोर सरकवला. "तुम्हीच केलंय ना? मग बसा." तो बसला आणि एकेकाला वय विचारू लागला. कॅशियर येऊन "एकाहत्तर" म्हणाले, त्याने अंकी लिहिलं, आणि ते जन्माला आले.

सगळ्यात शेवटी सासूबाई उभ्या राहिल्या.

जावयाने मान वर केली नाही. हा प्रश्न आजवर त्यांच्या घरात कुणी सरळ विचारला नव्हता. सासऱ्यांनीसुद्धा नाही, असं बायको सांगायची. थोरल्याने एकदा वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या किती लावायच्या म्हणून विचारलं होतं, तर पुढे दोन वर्षं त्याच्या पुलावरून जाताना काच खाली झाली नव्हती.

"आई," तो म्हणाला. "वय."

मागून पायांचा आवाज आला. कात्री आणि शंकासुर रस्ता ओलांडून येऊन पोचले होते आणि त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते.

सासूबाई वाकल्या. काउंटरवर पर्स ठेवली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि जावयाच्या कानाशी आल्या.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या.

जावयाची बोटं कीबोर्डवर थांबली. त्याची बायको मागच्याच महिन्यात पस्तिशीची झाली होती. म्हणजे ती जन्मली तेव्हा सासूबाई पहिलीत होत्या. आणि बायकोच्या वर थोरली बहीण होती, पूलवाल्याची बायको. तिच्या जन्माचा हिशोब करण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं.

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, पापणी न हलवता.

त्याने चार टाइप केला. मग एक. बटण दाबलं. त्या तीन ओळी आत गेल्या, वस्तू उचलून पाहिली, उलटीसुलटी केली, आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. शेरा पुसला गेला.

"काय म्हणालं?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर आहे म्हणालं."

शंकासुराचं तोंड उघडलं. कात्रीने त्याच्या पायावर पाय दिला.

सासूबाईंनी पर्स उचलली. कॅशियर जवळच उभे होते, त्यांच्याकडे वळल्या. "चूक झाली तर कबूल करतात. आणि माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारं यंत्र बनवतात," त्या म्हणाल्या. "आमचे जावई आहेत."

मग आपल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन, गुडघा लांब करून, नंबर येईपर्यंत तशाच ऐटीत बसून राहिल्या.

"अरे, पण ते एक्केचाळीस..." शंकासुर कुजबुजला.

"आकडा आहे ना?" जावई म्हणाला.

"आहे."

"मग झालं."